घरच्या नावाचा पाहुणा

१

उल्जानचा निरोप आला तेव्हा तोल्गोनाय चहात दूध ओतत होती. तो चहा त्या दिवशी कुणी प्यायलाच नाही.

"एजे, तुम्ही म्हणाला होतात, इथे कुणी बघत नाही." मोबाइलमधून दबलेला आवाज येत होता. मागे मूल कुरकुरत होतं. "मग आमच्या घरी वकिलाच्या ऑफिसातून फोन कसा आला? मी पाहुण्यांना चहा देत होते. माझा फोन सासूने उचलला. ती बाई म्हणाली, तुम्हाला नवऱ्यापासून मोकळं व्हायचंय ना, पहिला सल्ला फुकट देतो. एजे, मी नंबर फक्त तुमच्या साइटवर लिहिला होता. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता शुक्रवारी नवरा येतोय रशियाहून. पोराला घेऊन जाणार म्हणतात. तुम्ही मला विकलंत."

एवढंच. त्यानंतर तो नंबर बंद.

उल्जान विशीतली. कोचकोरजवळच्या एका गावात तिला गाडीत कोंबून नेलं, डोक्यावर पांढरा रुमाल बांधला आणि लग्न झालं म्हणून जाहीर करून टाकलं. अशा मुलींसाठी राजधानीत, बिश्केकमध्ये, 'बोसोगो' नावाची संस्था होती. बोसोगो म्हणजे उंबरठा. संस्थेचं शहरात एक आसरागृह होतं आणि एक वेबसाइट. साइटवर एक चौकट होती. तुमचा नंबर लिहा, कधी फोन केला तर चालेल ते लिहा. चौकटीच्या वर ठळक अक्षरांत वाक्य होतं, 'इथे तुमच्यावर कुणाचीही नजर नाही.'

ते वाक्य तोल्गोनायने लिहिलं होतं. साइटही तिनेच उभी केली होती. आणि हे काही नुसते बोलाचे बुडबुडे नव्हते. नेटवर माणसाच्या मागे मागे फिरून तो काय वाचतो, काय विकत घेतो, कशाला घाबरतो ते टिपणारे आणि विकणारे जे ट्रॅकर असतात, त्यांना दारातच अडवणारा ब्लॉकर तिने बनवला होता. शहरातले कितीतरी लोक तो वापरत. स्वतःच्या साइटवर तर तिने तो डोळ्यांत तेल घालून चालवून बघितला होता.

तिने लॅपटॉप ओढला, साइट उघडली आणि कोपऱ्यातला आकडा बघितला. शून्य. एकही परका नाही.

म्हणजे एक तर जिवाच्या भीतीने अर्धमेली झालेली पोरगी खोटं बोलत होती, नाही तर तोल्गोनायचा स्वतःचा ब्लॉकर.

२

दुपारी चौघं आसरागृहाच्या स्वयंपाकघरात बसले. तिथे छान ऊब होती. बॉयलर धडधडत होता. यंदा कोळशाची ददात नव्हती, कुणा दानशूर माणसाने अंगणात ढीगच ओतला होता.

टेबलाच्या डोक्याशी बेगिमाय बसली होती. साठी ओलांडलेली, भरल्या अंगाची, सगळ्या शहराची एजे, म्हणजे थोरली बहीण. संस्था तिची. ऐन विशीत तोल्गोनायलाही असंच कुणीतरी पळवून नेलं होतं, आणि त्या घरात शिरून तिला हाताला धरून बाहेर काढणारी बाई हीच. तोल्गोनायला जन्म आईने दिला असेल, पण आयुष्य बेगिमायने दिलं होतं. ती हे कुणालाही सांगायची, न विचारता.

"आधी पोरीला घेऊन येऊ," तोल्गोनाय म्हणाली.

"कुठे आणणार?" बेगिमायने विचारलं. "नंबर आपल्याकडून गळला असेल तर या घराचा पत्ताही गळला असेल. ज्या घराला भोक पडलंय त्याच घरात तिला आणून बसवायची?"

"कसलं भोक?" एर्मेक फिस्कारला. हा तरुण प्रोग्रामर तोल्गोनायच्याच हाताखाली शिकलेला. तोंडाने फटकळ, कामाला पक्का. "ती काय एकाच ठिकाणी नंबर लिहून गप्प बसली असेल? दहा ठिकाणी लिहिला असेल आणि आता खापर आपल्या डोक्यावर."

"ती तसली नाही," तोल्गोनाय म्हणाली. "साइटचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? मी, एर्मेक, आणि तुम्ही, एजे."

बेगिमायने कानांवर हात ठेवले. "मला काय कळतं गं त्यातलं? मला साधा फोटो पाठवायचा तर चिनारला हाक मारावी लागते."

"खरंय," चिनार हसली. देणगीदारांशी पत्रव्यवहार हे हिचं काम. मग तिचा चेहरा उतरला. "हे बाहेर फुटलं तर देणगीदार पळतील, सांगून ठेवते. आत्ताच कुठे मी त्यांना कळवलंय, यंदा साइटवर दुपटीने बायका आल्या."

"इथे पोरीचं मूल चाललंय आणि हिला देणगीदार सुचतायत," एर्मेक म्हणाला.

"तुझा पगार कुठून येतो रे?"

तोल्गोनायच्या डोळ्यांत पाणी आलं. बेगिमायने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रडू नको, पोरी. तुझे बाबा गेले तेव्हा मी तुला रडायला मोकळं ठेवलं आणि बाकीचं सगळं अंगावर घेतलं. ओम्स्कच्या तुझ्या आत्याला सांगायची कुणाची छाती होत नव्हती, तिलासुद्धा मीच सांगितलं. हेही निभावून नेऊ."

"साइटचं मी बघते," डोळे पुसत तोल्गोनाय म्हणाली. "एर्मेक, तुझा लॅपटॉप दे जरा. माझ्याकडे दिसत नाही ते तुझ्याकडे दिसेल कदाचित."

एर्मेकने लॅपटॉप मिटला. जरा जास्तच घाईने.

"उद्या देतो," तो म्हणाला आणि कोट घेऊन उठला.

३

तोल्गोनायचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना एक खोड होती. दारात कुणीही येवो, दूधवाला असो की जावई, ते विचारायचे, "कुणाचा तू? बापाचं नाव? त्याच्या बापाचं?" सात पिढ्या सांगून होईपर्यंत सुटका नाही. घरच्या मुलांनाही जेवणाआधी सात बापांची नावं म्हणायला लागायची. चुकली तर जेवण मिळायचंच, पण बाबांचा चेहरा असा उतरायचा की घास घशाखाली जात नसे.

ते आठवायचं कारण म्हणजे समोरची यादी. पान उघडताना ब्राउझर कुणाकुणाला हाक मारतो ती नावं तोल्गोनाय एकेक करून तपासत होती. सगळी घरचीच. प्रत्येकाला 'बोसोगो' आडनाव लावलेलं. आणि ब्लॉकरचा नियम साधा असतो, तिच्याच नाही, जवळजवळ सगळ्यांच्या. परक्या नावाचा दिसला तर अडव, घरचं आडनाव लावून आला तर आत सोड. घरच्या माणसाला कोण हटकतं?

त्यात एक नाव होतं, 'सुरोत'. सुरोत म्हणजे चित्र. चित्रं साठवायला अशी वेगळी जागा पुष्कळ साइटवर असते, म्हणून तिची नजर त्यावरून कितीदा तरी घसरून गेली असेल. आज ती तिथे अडखळली. बोसोगोच्या साइटवर एकही चित्र नव्हतं. डोंगरातल्या गावात नेट रडतखडत चालतं, पान चटकन उघडावं म्हणून तिने मुद्दामच घातलं नव्हतं.

"कुणाचा तू?" ती मोठ्याने म्हणाली. अगदी बाबांच्या सुरात.

नेटवर एखादं नाव म्हणजे खरं घर असेलच असं नाही. ते नुसतं दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. ब्लॉकर फक्त पहिलं नाव वाचतो, आत शिरतो मात्र शेवटचा. तिने 'सुरोत'ला बापाचं नाव विचारलं. काहीतरी गुळमुळीत आकडे-अक्षरं आली. आजोबाचं विचारलं. पुन्हा तसंच. पणजोबाशी मात्र सोंग गळून पडलं. सारीइझ. च्युय रस्त्यावरची जाहिरात कंपनी. गिऱ्हाइकं हेरायची आणि ज्याला हवी त्याला विकायची, हा तिचा धंदा.

घरचं आडनाव असल्यामुळे ब्राउझरने त्याला घरच्यासारखंच वागवलं होतं. कुठली बाई पुन्हा आली, काय वाचलं, चौकटीत काय लिहिलं, सगळं त्याच्यापुढे उघडं. 'मोकळं व्हायचंय' म्हणणाऱ्या बायकांचे नंबर वकिलाला नाही विकणार तर कुणाला?

असं नाव साइटच्या खात्यात आतूनच घालावं लागतं. पासवर्ड लागतो, आणि वर एक कोड लागतो, तो फक्त तोल्गोनायच्या मोबाइलवर येतो. मोबाइल ती झोपतानाही उशाखाली ठेवायची. मग हे नाव घातलं कुणी? नोंदीपुढे तारीख होती. ती तिने दोनदा वाचली.

त्या दिवशी अंगणातल्या यूर्टमध्ये, लोकरीच्या गोल तंबूत, बाबा पांढऱ्या कपड्यात निजले होते, आणि ती त्यांच्या उशाशी बसून शोकगीत गात होती.

४

यूर्टमध्ये बसलेल्या लेकी बाहेर येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. भेटायला येणाऱ्यांकडे पाठ करून बसतात आणि गात रडतात. आत जाण्याआधी मोबाइल कुणाच्या तरी हातात दिल्याचं तोल्गोनायला अंधुक आठवत होतं. जाड, तरुण हात होता तो.

तिने एर्मेकला सामशाच्या, म्हणजे भट्टीतल्या मटण-समोशांच्या, टपरीवर गाठलं.

"सारीइझला ओळखतोस?"

त्याचा घास तोंडातच राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे ओळखतोस."

"नोकरी मागितलीय त्यांच्याकडे. कालच पत्र आलं, तेच लॅपटॉपवर उघडं होतं. पोटासाठी मागितली, एजे. बायकोला दिवस गेलेत. अजून हो म्हटलेलं नाही."

"आणि बाबांच्या दिवशी माझा फोन तुझ्याकडे होता. पासवर्ड तुला पाठ. काम तुला येतं. अजून काय सांगू?"

एर्मेकचा आवाज असा चढला की टपरीवाला मागे सरकला. "सकाळी दिलात फोन. मी गाडीत चार्जिंगला लावला आणि किल्ली चुलीपाशी बायकांच्या टेबलावर ठेवली. नंतर मी कुठे होतो? तुमच्या बाबांच्या कढईवर! घोडा कापल्यापासून शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत! कोपरापर्यंत चरबी होती हाताला. कढईवर नेमलेला माणूस लघवीलासुद्धा विचारून जातो, ठाऊक नाही तुम्हाला? विचारा तुमच्या अख्ख्या भावकीला!"

विचारायची गरज नव्हती. कढईवरचा माणूस शंभर डोळ्यांपुढे असतो. ती शरमेने काळीठिक्कर पडली.

"तुम्ही मला विचारलं नाहीत," तो शांतपणे म्हणाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "थेट धरलंत. उद्यापासून मी येणार नाही."

"एर्मेक, ऐक..."

"तुमची ओम्स्कची आत्या त्या दिवशी सारखी फोन लावत होती. गाडीत वाजताना ऐकू यायचा मला. दुपारी वाजायचा थांबला. म्हणजे कुणीतरी उचलला असणार. तिला विचारा, कुणी उचलला."

तो निघून गेला. तोल्गोनाय तिथेच उभी राहिली. कुणी उचलला ते तिला विचारावं लागणार नव्हतं. ते तिला कालच सांगितलं होतं, तिचा हात हातात धरून.

५

माणसाचं मन मोठं लबाड असतं. नको ते दिसलं की पळवाट काढतं. फोन उचलला म्हणून काय झालं, तोल्गोनाय स्वतःला समजावत होती. जिला फोटो पाठवता येत नाही ती बाई असलं नाव कशी घालणार? नेटच्या नोंदी म्हणजे काय खायचं काम आहे?

आसरागृहात चिनार एकटीच होती.

"चिनार, साइटवर दुपटीने बायका आल्या, हे तुला कसं कळलं?"

"आकड्यांवरून."

"कसले आकडे? आपल्या साइटवर मोजणारं काही नाहीच. मी ठेवूच दिलं नाही."

चिनार गोंधळली. "बेगिमाय एजे देतात ना दर महिन्याला. कुठल्या जिल्ह्यातून किती, काय काय वाचलं. मला वाटलं, तूच देतेस त्यांना."

तोल्गोनायने आत्याला फोन लावला. पडद्यावर रुमाल बांधलेला सुरकुतलेला चेहरा आला आणि तिने आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतली.

"आत्या, बाबा गेल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या फोनवर होती ना ती बाई. काय जीभ गं तिची, मध नुसता! एकदम नाही सांगितलं. तुमच्या अंगणातलं जुनं झाड वाऱ्याने जमिनीला टेकलं, म्हणाली. मोठी माणसं सांगायची तसं सांगितलं. मी हंबरडा फोडला तर तीही रडली माझ्याबरोबर." आत्याने नाक पुसलं. "मध्येच तेवढं जरा..."

"मध्येच काय?"

"माझ्या कानात टिंग वाजलं काहीतरी. थांबा हं, म्हणाली. आणि कुणाला तरी आकडे सांगितले. एकेक करून, सावकाश, दुसऱ्या फोनवर सांगावेत तसे. पुन्हा टिंग, पुन्हा आकडे. मला वाटलं, दफनाला येणाऱ्या गाडीचा नंबर सांगतेय. मग परत रडायला लागली. का गं?"

"काही नाही, आत्या."

फोटो पाठवता येत नाही त्यालाही आकडे वाचता येतात. काम सारीइझचा माणूस आपल्या खुर्चीत बसून करत होता, त्याला पासवर्ड आधीच दिलेला होता. हवा होता फक्त कोड. आणि तो कोड बाबांच्या मृत्यूची बातमी सांगता सांगता, आत्याच्या रडण्याच्या मधल्या फटीत वाचून दाखवला गेला होता.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तोल्गोनायला त्या क्षणी कळलं. रडूसुद्धा आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बेगिमाय अंगणात बादलीत कोळसा भरत होती.

"हा कोळसा कुणी दिला, एजे?"

"सांगितलं ना, एका भल्या माणसाने."

"सारीइझच्या?"

फावडं तिथेच थांबलं. तोल्गोनाय बोलत गेली. चित्रं नसलेल्या साइटवरचं चित्रांचं नाव, त्याचे बाप-आजे, ती तारीख, चिनारचे आकडे, आत्याच्या कानातलं टिंग. तिला मध्येच कुणीतरी खोटं पाडावं असं वाटत होतं. बेगिमायने पाडलं नाही.

"फक्त मोजणार म्हणाले होते," शेवटी ती म्हणाली. "परदेशातल्यांना आकडे हवे होते. आकडे नाहीत तर मदत नाही. तू मोजायला देत नव्हतीस. हिवाळा तोंडावर होता, घरात अकरा बायका आणि त्यांची पोरं. काय करायला हवं होतं मी? त्यांना गारठून मरू द्यायचं?"

"मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते!" तोल्गोनायचा आवाज फाटला. "आणि दिवस कुठला निवडलात? बाबांचा?"

"एरवी तुझा फोन तुझ्या हातातून सुटतो कधी?"

इतक्या साधेपणाने म्हणाली ती हे, की तोल्गोनायला मारल्यासारखं झालं.

"मी त्या दिवशी खरंच रडले, तोल्गोनाय. तुझ्या बाबांसाठी, तुझ्यासाठी. ते नाटक नव्हतं."

"ठाऊक आहे. तेच सहन होत नाही." ती जवळ गेली. "शरदापासून कितीतरी जणींनी नंबर लिहिले आणि नंतर गप्प झाल्या. आपण या स्वयंपाकघरात बसून म्हणायचो, मन बदललं असेल बिचारीचं. आठवतं? त्यांच्या घरी कुणाकुणाचे फोन गेले असतील? कुणी उचलले असतील?"

बेगिमाय कोळशाच्या ढिगावरच बसली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तोल्गोनायला एका बाजूने दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

"ते नाव मी काढून टाकलंय. साइटवरचं वाक्यही काढलंय, तिथे लिहिलंय की आमच्याकडून दगा झाला, फोन बदला, जपून राहा. आणि माझ्या ब्लॉकरला बाबांची खोड लावलीय. आता तो घरचं आडनाव बघून सोडत नाही, बाप-आजा विचारतो. रात्रीतून किती घरं सापडली ठाऊक आहे? औषधांच्या दुकानाची साइट, बाळंतिणींची, शाळांची. सगळीकडे कुणी ना कुणी घरचं नाव लावून बसलंय."

"मी काय करू?" बेगिमायने विचारलं. या बाईने हा प्रश्न आयुष्यात कुणाला विचारला नसेल.

"आज गुरुवार आहे. उद्या तिचा नवरा येतो. ज्या घराला भोक पडलं होतं ते बुजवलंय. गाडीत बसा."

७

घरात सासू आणि उल्जान दोघीच होत्या. पुरुष घोडे पाहायला गेले होते. उल्जानच्या गालावर निळा डाग होता. तोल्गोनायला बघून ती भिंतीला टेकली.

"तुम्ही? तुम्हीच विकलंत मला."

"तुझा नंबर आमच्याच घरातून गेला," तोल्गोनाय म्हणाली. "कसा गेला ते शोधून बंद करून आलेय. कुणी दिला तेही सांगीन, लपवणार नाही. आधी मूल उचल."

उल्जानने मूल उचललं. तशी सासू धावली आणि उंबरठ्यावर आडवी पडली. काटकुळी म्हातारी, डोक्याला पांढरा रुमाल. "ओलांड मला! ओलांड! म्हातारीला ओलांडून गेलेलीला कधी सुख लागलंय का, बघतेच मी!"

उल्जान जागच्या जागी थिजली. कुलपाने अडत नाहीत त्या मुली इथे अडतात. तोल्गोनायही एकदा अशीच अडली होती, आणि त्या वेळी बेगिमायने तासभर विनवण्या करून म्हातारीला उठवलं होतं.

आज बेगिमायने विनवलं नाही. तिने बूट चढवले आणि म्हणाली, "शाप पहिल्या ओलांडणारीला लागतो ना, बाई? मग मला लागू दे. मला तो लागायलाच हवा." आणि म्हातारीवरून पाय टाकून ती बाहेर गेली. तिथून तिने हात पुढे केला. "ये, पोरी. तुझ्यासाठी आता उरला नाही."

उल्जान तिचा हात धरून बाहेर आली. मागे म्हातारी किंचाळत होती.

गाडी बूमच्या खिंडीत आली तेव्हा बर्फ भुरभुरू लागलं होतं. मूल बेगिमायच्या शालीत गुरगुटून झोपलं होतं. उल्जानने मागच्या सीटवरून वाकून बेगिमायच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. "तुम्ही नसतात तर, अपा, मी जन्मभर तो उंबरठा ओलांडला नसता." आईला म्हणतात तसं ती तिला अपा म्हणाली. मग तोल्गोनायकडे वळून तिने विचारलं, "कुणी दिला माझा नंबर? सांगते म्हणाला होतात."

तोल्गोनायने रस्त्यावरची नजर काढली नाही. हे काम ती बेगिमायसाठी करणार नव्हती.

"मी दिला," बेगिमाय म्हणाली. आणि सगळं सांगितलं. कोळशाचं नाव मात्र काढलं नाही.

उल्जानने मुलाभोवतीची शाल सोडवायला सुरुवात केली, त्याची झोप मोडू नये म्हणून अगदी हळूहळू. शालीची नीट घडी घातली आणि पुढच्या सीटवर बेगिमायच्या मांडीवर ठेवली. तोल्गोनायने एका हाताने गाडी सांभाळत आपला कोट काढला आणि मागे दिला.

टोकमाकच्या बसथांब्यावर बेगिमाय म्हणाली, "मला इथे उतरव." तोल्गोनायने गाडी थांबवली. बेगिमाय उतरली. ती शाल छातीशी धरून थांब्यावर उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोल्गोनायने तिचा निरोप न घेता गाडी काढली.

"तिथे आता कुणी बघत नाही ना, एजे?" उल्जानने विचारलं.

हेच उत्तर तिने एकेकाळी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. "पोचलो की दोघी मिळून तपासू," ती म्हणाली. "कसं तपासायचं तेही शिकवते तुला."

शहरात शिरेपर्यंत दिवस कलला होता. चिनारने आसरागृहाचं दार उघडलं आणि उबेचा झोत अंगावर आला. बॉयलर धडधडत होता. उल्जानने कोटातून मुलाचे गार पडलेले पाय बाहेर काढले, भिंतीवरच्या गरम नळ्यांपाशी नेले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"किती ऊब आहे इथे!" ती म्हणाली.

"हो," तोल्गोनाय म्हणाली, आणि अंगणाकडचा पडदा ओढून घेतला.